गिनीपिग, प्लेग आणि मूठभर कोथिंबीर

गेल्या मे महिन्यात तिरल्याहून भाचीचा फोन आला.

"मामा, तुम्ही सदा जुन्या पुस्तकांत डोके घालून बसलेले असता, तेव्हा एक सांगा. धाकट्याने हट्ट धरून इंदूरहून गिनीपिगची जोडी आणवली. आता शेजारच्या वहिनी म्हणतात, त्यांना लॉन लागते, हिरवळ लागते, नाहीतर जगत नाहीत. आमच्या अंगणात फरशी आणि एक तुळस. गवताची काडी नाही. मी काय करू?"

"अगं, मी इतिहासाचा माणूस. गुराढोरांचा डॉक्टर नव्हे," मी म्हणालो.

"ते माहीत आहे हो मामा. पण दोघांतला एक दोन दिवस हलत नाही. मागचे पाय ओढल्यासारखे करतो. पोर रडून रडून बेजार झालेय."

भाची मूळची आमच्या फोंड्याकडची. लग्न होऊन धारच्या मराठी घरात गेली आणि नोकरीच्या निमित्ताने धारजवळ तिरल्याला राहते. तिरला हे नाव मराठी इतिहास वाचणाऱ्याला अगदीच अनोळखी नाही. माळव्याचा मोगल सुभेदार दयाबहादूर १७३१ साली तिरल्याच्या लढाईत मराठ्यांकडून मारला गेला, असे जुन्या पुस्तकांत असायचे. पुढे पेशवे दफ्तरातील कागद बाहेर आले आणि अभ्यासकांनी दाखवून दिले की, गिरधरबहादूर आणि दयाबहादूर दोघेही २९ नोव्हेंबर १७२८ रोजी चिमाजी अप्पांच्या फौजेशी लढताना अमझेऱ्याजवळ पडले. पिढ्यान् पिढ्या सांगितलेली गोष्ट एका कागदाने बदलते ती अशी! असो. भाचीला तेव्हा दयाबहादूरची काळजी नव्हती.

मी तिला विचारले, "खायला काय देतेस?"

"भिजवलेले चणे, गहू, पोळीचे तुकडे. दुकानदाराने सांगितले तसे. कधी बिस्किट."

"हिरवे काही?"

"हिरवे कुठून आणू मामा, या उन्हाळ्यात? म्हणून तर विचारते, लॉन लावू का?"

तिला त्याच दिवशी धारला जनावरांच्या डॉक्टरकडे जायला सांगितले आणि फोन ठेवला. पण 'हिरवे काही?' हा प्रश्न माझ्या तोंडून गेला तो उगाच नव्हता. या प्राण्याची गोष्ट मी पूर्वी वाचली होती, आणि तिच्यात मुंबई आहे, गोवा आहे, वास्को द गामासुद्धा आहे. तीच आज सांगावी म्हणतो.

सुरुवात नावापासून करू. इंग्रजीत याला 'गिनीपिग' म्हणतात. पण हा गिनीचा नव्हे आणि डुक्करही नव्हे, उंदीर-घुशींच्या लांबच्या गोतातला. जर्मन लोक त्याला 'समुद्राचे डुकरू' म्हणतात. समुद्राशी त्याचा संबंध इतकाच की तो गलबतातून युरोपात आला. आणि पोर्तुगीज? लिसेंवात शिकलेली आपली जुनी मंडळी चटकन सांगतील : 'पोर्किन्यु द इंदिया', म्हणजे इंडियाचे डुकराचे पिल्लू! फ्रेंच नावाचा अर्थही तोच. गोव्यातल्या वाचकाला वाटेल, हा आपलाच कोणी. पण ही इंडिया कोलंबसाची. अमेरिकेला पोचून आपण इंडियाला पोचलो असे तो समजला आणि ती चूक तिथल्या माणसांच्या, कोंबड्यांच्या, डुकरांच्या नावांना कायमची चिकटली. काजू, अननस, मिरची, पपई, पेरू हे पाहुणे ज्या खंडातून आपल्याकडे आले, त्याच खंडातला हा गडी. फरक इतकाच की काजू-मिरची आपल्या मातीत आणि ताटात रुजली, आणि हा मात्र नावात इंडिया घेऊनही आपल्याला परकाच राहिला.

त्याचे खरे माहेर दक्षिण अमेरिकेतला आंदीज पर्वत, म्हणजे आजचे पेरू, बोलिव्हिया, एक्वादोर हे देश. तिथल्या माणसांनी त्याला काही हजार वर्षांपूर्वी माणसाळवले, ते हौसेसाठी नव्हे, मांसासाठी. आपल्याकडे परसात कोंबड्या, तसे तिकडे हे. तिथले नाव 'कुय'. त्याच्या आवाजावरूनच पडले म्हणतात. आणि आता नीट ऐका, कारण भाचीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे. कुय ठेवायची परंपरेची जागा म्हणजे स्वयंपाकघर. थंड डोंगराळ मुलूख, त्यात चुलीची ऊब. घरच्या बायकांच्या पायांत घोटाळत तो जमिनीवर मोकळा हिंडायचा, भाजीची देठे, साली, बाहेरून कापून आणलेला पाला खायचा आणि चुलीच्या आडोशाला झोपायचा. आजही आंदीजच्या खेड्यापाड्यांत हे दृश्य दिसते. बाग नाही, हिरवळ नाही. गवत त्याच्याकडे चालत येते, माणसाच्या हाताने.

तो आजारपणातही कामाला यायचा. तिथले वैदू जिवंत कुय रोग्याच्या अंगावरून फिरवतात, मग त्याला फाडून आतले अवयव पाहतात आणि रोग्याचे दुखणे कुठे आहे ते सांगतात. आपल्याकडे मीठ-मिरच्या ओवाळून दिश्ट काढतात, त्यातलाच हा प्रकार. फक्त इथे मिरचीच्या जागी जीव जातो. पुढे युरोपातल्या प्रयोगशाळांनी क्षयाच्या संशयिताची थुंकी गिनीपिगला टोचून त्याच्या शरीरात रोग उतरतो का ते पाहायला सुरुवात केली, तेव्हा मला या वैदूंची आठवण येते. पद्धत बदलली, हिशेब तोच : माणसाचे दुखणे याच्या पोटात वाचायचे.

पेरूतल्या कुस्को शहराच्या कॅथीड्रलमध्ये मार्कोस सापाता या चित्रकाराचे अठराव्या शतकातले 'शेवटचे भोजन' आहे. ख्रिस्त आणि शिष्यांच्या पुढच्या ताटात कोकरू नाही, भाजलेला कुय आहे! आपल्याकडच्या चर्चमधल्या कोरीव कामात काजू-अननस शोधणाऱ्यांना यातली गंमत कळेल. पोर्तुगीजांनी वसवलेल्या ब्राझीलमध्ये मानुएल बांदेइरा या कवीने लहानपणी पाळलेल्या गिनीपिगवर एक छोटी कविता लिहिली आहे. पोराने त्याला बैठकीच्या खोलीत, चांगल्या जागी न्यावे आणि त्याने पुनःपुन्हा चुलीखालीच पळावे, असा तिचा विषय. कवीला ते दुखले. पण प्राण्याच्या बाजूने पाहिले तर तो आपल्या हजारो वर्षांच्या घरी जात होता.

सोळाव्या शतकात तो गलबतांतून युरोपात पोचला. १५५४ साली कोनराड गेस्नर या स्विस निसर्गपंडिताने त्याचे वर्णन लिहिले. राजघराण्यांत, सरदारांच्या बंगल्यांत तो मुलांचा सोबती झाला. हिरवळीवर सोडलेले गिनीपिग हे चित्र तिथले, विशेषतः इंग्रजांच्या बागांतले. तिरल्याच्या वहिनींनी जे सांगितले ते या बागेतून आलेले. खोटे नाही, पण ते त्याच्या आयुष्याचे एकच पान आहे.

दुसरे पान मुंबईचे.

१८९६ चा सप्टेंबर. मुंबईच्या मांडवी भागात माणसे तापाने फणफणून, जांघेत गाठी येऊन मरू लागली. हा गाठीचा प्लेग आहे, असे निदान करून ते उघडपणे सांगणारे डॉक्टर होते अकासियो गाब्रिएल व्हिएगश, आपल्या बार्देसमधल्या हडफड्याचे. धोबी तलावला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. कुडींत उतरणाऱ्या कितीतरी गोंयकारांनी तो येता-जाता पाहिला असेल. कोणाचा ते थोड्यांनीच विचारले असेल. त्याच वर्षी ऑक्टोबरात वाल्देमार हाफकीन मुंबईत आला, ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या अपुऱ्या जागेत त्याने लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. १९२५ पासून तिला आपण हाफकीन इन्स्टिट्यूट म्हणतो.

प्लेग म्हटले की मराठी माणसाला काय आठवते? पुण्यातली रँडशाही, चापेकर बंधू, २२ जून १८९७ ची ती रात्र. रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेलेल्या सावित्रीबाई फुले. हे आठवावे असेच आहे. पण एक गोष्ट आपण सहसा लक्षात घेत नाही. घरे उघडली गेली, भिंतींवर कार्बोलिक ॲसिड फवारले गेले, कौले काढून ऊन आत घेतले गेले, लोकांचे अंथरूण-पांघरूण जाळले गेले, हे सगळे होत असताना प्लेग पसरतो कसा हे सरकारलाही माहीत नव्हते. कोणी म्हणे जमिनीतून, कोणी म्हणे हवेतून, कोणी धान्यातून, कोणी रोग्याच्या स्पर्शातून. सोजिरांनी ज्या घरांत पाय घातला तिथे ते ज्या शत्रूला शोधत होते, तो त्यांना दिसूनही कळला नसता. तो तांदळाच्या दाण्याहून लहान होता.

१८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने प्रयोग करून सांगितले की, उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग नेते. पण त्याचे कोणी फारसे मनावर घेतले नाही. मग मुंबईत विल्यम ग्लेन लिस्टन हा डॉक्टर त्या मागावर लागला. त्याला धागा मिळाला तो गिनीपिगांत. मुंबईच्या प्राणिसंग्रहालयातले गिनीपिग प्लेगने मेले आणि त्यांच्या अंगावर लिस्टनला उंदराच्या पिसवा सापडल्या. ज्या प्राण्याच्या अंगावर त्या एरवी नसायच्या, तिथे त्या आल्या कशा? उंदीर मेले, त्यांची अंगे थंड पडली, पिसवा उपाशी झाल्या आणि मिळेल त्या ऊबदार अंगावर चढल्या. गिनीपिग मिळाला तर गिनीपिग, माणूस मिळाला तर माणूस. उंदीर पडू लागले की थोड्याच दिवसांत माणसे का पडतात, याचा उलगडा यात होता. लिस्टनचा 'प्लेग, उंदीर आणि पिसवा' हा निबंध १९०५ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलात आला.

त्याच वर्षी सरकारने नवे संशोधक-मंडळ नेमले, लिस्टन त्यात होताच. या मंडळाने केलेले दोन प्रकारचे प्रयोग मुद्दाम सांगण्यासारखे आहेत.

पहिला प्रकार चाळींतला. ज्या खोलीत प्लेगचा माणूस सापडला, जी रिकामी केली, त्या खोलीत गिनीपिग मोकळे सोडले. ते जमिनीवर हिंडायचे आणि खोलीतल्या भुकेल्या पिसवा त्यांच्या अंगावर गोळा व्हायच्या. मग त्यांना उचलून नेऊन पिसवा मोजायच्या, कोणत्या जातीच्या त्या पाहायच्या, आणि त्यातला कोणता गिनीपिग प्लेगने मरतो ते बघायचे. डोळ्यांसमोर आणा. माणसे पळून गेली आहेत, चूल विझली आहे, कोपऱ्यात एखादा हंडा राहिला आहे, आणि त्या फरशीवर हा केसाळ जीव एकटा फिरतो आहे. घरातल्या चुलीजवळ राहण्याची त्याची हजारो वर्षांची सवय, आणि नशिबी आले ते मुंबईतल्या विझलेल्या चुलीचे घर!

दुसरा प्रकार परळचा. तिथे मुद्दाम लहान लहान कोठड्या बांधल्या. इंग्रजीत त्यांना 'गोडाऊन'च म्हटले आहे. त्यांत निरोगी आणि प्लेग झालेले गिनीपिग एकत्र ठेवले. कोठड्या कधी साफ केल्या नाहीत. रोगी प्राण्याच्या मलमूत्रात, त्याने तोंड लावलेल्या अन्नात निरोगी वावरले. पिसवा आत शिरू दिल्या नाहीत, तेव्हा साथ पसरली नाही. एवढेच काय, प्लेग झालेल्या आयांचे दूध पिणारी पिल्लेसुद्धा वाचली. आणि पिसवा असल्या की साथ पसरायची. जितक्या पिसवा जास्त, तितकी जलद.

तरी कोणी म्हणेल, हवेतून जात असेल. म्हणून पिंजरे टांगले. पिसू साधारण पाच इंचांपलीकडे उडी मारू शकत नाही, हे आधी मोजून झाले होते. एकाच कोठडीत काही गिनीपिग जमिनीवर मोकळे, काही पिंजऱ्यात जमिनीपासून दोन इंच वर, आणि काही दोन फूट वर. हवा सगळ्यांना एकच. जमिनीवरच्यांना प्लेग झाला, दोन इंच वरच्यांना झाला, दोन फूट वरच्यांना झाला नाही.

दोन इंच आणि दोन फूट! माणसांच्या शेकडो तर्कांचा निकाल या अंतराने लावला. नऊ वर्षे आधी हे कळले असते तर पुण्याचा इतिहास वेगळा झाला असता का, हे सांगता येत नाही; सत्ता गाजवायला निघालेल्या माणसाला पिसूचे ज्ञान आवरते असे नाही. पण त्यानंतर प्लेगविरुद्धची लढाई भिंतींकडून उंदरांकडे आणि पिसवांकडे वळली, हे खरे. त्या निकालासाठी जे मेले त्यांत व्हिएगशांच्या पुतळ्याजवळ नाव कोरावे असे कोणी नव्हते. त्यांना नावेच नव्हती.

आता तिसरे पान. मुंबईच्या या प्रयोगांचे अहवाल इंग्लंडमधल्या 'जर्नल ऑफ हायजीन' या नियतकालिकात १९०६ पासून छापले जात होते. त्याच नियतकालिकाच्या १९०७ सालच्या खंडात नॉर्वेच्या राजधानीतून आणखी एक लेख आला. लेखक अॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिक. नॉर्वेच्या खलाशांना जहाजावर एक बेरीबेरीसारखा आजार व्हायचा, त्याचे कारण त्यांना शोधायचे होते. त्यासाठी त्यांनी गिनीपिग घेतले आणि त्यांना नुसते धान्य आणि पाव खायला घातले. झाला भलताच रोग. हिरड्या सुजल्या, सांधे दुखू लागले, हाडे ठिसूळ झाली, आत रक्तस्राव झाला. हा तर स्कर्व्ही, खलाशांचा शतकानुशतकांचा काळ! आणि त्याच धान्याबरोबर कोबी किंवा लिंबाचा रस दिला की रोग टळायचा. प्रयोगशाळेत प्राण्यामध्ये स्कर्व्ही घडवून आणण्याची ही पहिली वेळ.

यात नशिबाचा भाग मोठा. त्यांनी उंदीर घेतला असता तर काहीच दिसले नसते, कारण उंदीर आपले 'क' जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतो. कुत्रा, मांजर, गाय, सगळे करतात. माणूस आणि माकडांतले आपले जवळचे नातलग ते करू शकत नाहीत. काही वटवाघळे करू शकत नाहीत. आणि हा आंदीजचा गडी करू शकत नाही. ते जीवनसत्त्व घडवणारे शेवटचे यंत्र आपल्याही शरीरात मोडले आहे आणि त्याच्याही. माणसासाठी प्रयोगाला तो इतका उपयोगी पडला, त्याचे एक कारण हे की या एका बाबतीत तो आपल्याइतकाच अपुरा आहे.

गोव्याच्या इतिहासात या अपुरेपणाची एक भयंकर नोंद आहे. वास्को द गामाचा ताफा परतीच्या वाटेवर ५ ऑक्टोबर १४९८ रोजी अंजदीवहून निघाला. हे बेट कारवारच्या समोर, पण गोव्याच्या हद्दीतले. वारा अनुकूल नव्हता. आफ्रिकेचा किनारा दिसायला २ जानेवारी १४९९ उजाडला. त्या तीन महिन्यांत हिरड्या दातांवर चढल्या, पाय सुजले, आणि तीस माणसे मेली; तितकीच त्याआधीच्या प्रवासात मेली होती. एकेका जहाजावर काम करू शकणारे सात-आठ जण उरले. मालिंदीला पोचल्यावर आजाऱ्यांसाठी पहिली मागणी झाली ती संत्र्यांची. म्हणजे उपाय खलाशांना ठाऊक होता, कारण ठाऊक नव्हते. कारण कळायला चारशे वर्षे आणि नॉर्वेतले गिनीपिग लागले.

पुढे १९३२ मध्ये हंगेरीच्या सेगेद शहरात अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी याने शुद्ध केलेले एक द्रव्य गिनीपिगांना दिले. रोज एक मिलिग्रॅम. स्कर्व्ही झाली नाही. तेच 'क' जीवनसत्त्व. ते भरपूर मिळवायला त्याने वापरली लाल मिरची, तिथल्या पाप्रिकाची. १९३७ साली त्याला नोबेल मिळाले. मिरची अमेरिकेची, गिनीपिग अमेरिकेचा, पहिल्याने दुसऱ्याला वाचवले आणि दोघांनी मिळून माणसाला शहाणे केले.

आता पुन्हा तिरल्याला जाऊ. भिजवलेले चणे, गहू, पोळी, बिस्किट. हिरवे काही नाही. मागचे पाय ओढतो. होल्स्ट आणि फ्रोलिक यांनी १९०७ मध्ये जे मुद्दाम घडवले होते, तेच माझ्या भाचीच्या घरात न कळत घडत होते. धारच्या डॉक्टरांनीही तेच सांगितले आणि 'क' जीवनसत्त्वाचे थेंब दिले. त्या संध्याकाळी मी तिला पुन्हा फोन केला.

"लॉन लावू नकोस," मी म्हणालो. "या प्राण्याने हजारो वर्षे स्वयंपाकघरात काढली आहेत. त्याला बाग नको, बागेतला पाला हवा. तो तू हाताने आणून दे."

मग डॉक्टरांना विचारून आम्ही मामा-भाचीने यादी केली. वाचकांपैकी कोणाच्या घरी, पणजी-मडगावच्या फ्लॅटमध्ये म्हणा, पोरांनी हट्टाने हे पाहुणे आणले असतील तर उपयोगी पडेल म्हणून देतो. मुख्य अन्न धान्य नव्हे, गवत. हिरवे नसेल तर चांगले वाळलेले. ते सदासर्वकाळ पुढ्यात असावे, कारण याचे दात जन्मभर वाढतात आणि चिवट काडी चावूनच झिजतात. रोज मूठभर ताजा पाला : कोथिंबीर, मुळ्याचा पाला, दूर्वा. ढोबळी मिरचीची फोड रोज द्यावी, तिच्यात 'क' जीवनसत्त्व भरपूर. पेरूची लहानशी फोड अधूनमधून. त्यात ते संत्र्याहून कितीतरी जास्त. शिवाय अमेरिकेचे फळ अमेरिकेच्या गड्याला! लसूणघास, माळव्यात जिला रिजका म्हणतात, ती पिल्लांना आणि गाभण मादीला चांगली, मोठ्यांना थोडीच, कारण तिच्यात चुना फार. रस्त्याकडेचे आणि फवारलेल्या शेताच्या बांधावरचे गवत नको. बिस्किट, पोळी, बटाटा, कांदा-लसूण नको.

आणि ऊन! आंदीजच्या थंडीतला जीव तो. त्याला चुलीची ऊब मानवते, माळव्याचा मे मानवत नाही. पारा तिशीच्या पुढे गेला की तो धापा टाकतो. घरातली सगळ्यांत गार खोली त्याची, माठाशेजारची. मातीची कुंडी आडवी करून दिली तर त्यात शिरून बसतो. शिवाय एकटा ठेवू नये. तो कळपात जगणारा. स्वित्झर्लंडने तर २००८ मध्ये नियमच केला की गिनीपिगला सोबती असलाच पाहिजे.

"मामा, हे एवढे सगळे रोज करायचे?" भाचीने विचारले.

"हो. बाग असती तर बागेने केले असते. नाही, म्हणून तुला करायचे."

मला वाटते मुद्दा इथेच आहे. आपल्या फ्लॅटमध्ये, फरशीच्या अंगणात हा प्राणी सुखाने राहू शकतो. हिरवळ नसणे हा त्याच्यावरचा अन्याय नव्हे. हिरवळीच्या जागी कोणाचा हात नसणे हा अन्याय. दुकानातून खेळण्यासारखा आणायचा आणि आपले उरलेसुरले त्याच्यापुढे टाकायचे, म्हणजे प्रयोगशाळेतला प्रयोग घरी पुन्हा करायचा, तोही काही न शिकता. जे शिकायचे होते ते त्याने आपल्याला १९०७ सालीच मरून शिकवले आहे. परळच्या कोठडीत मेलेल्यांचे आपण आता काही करू शकत नाही. पण माठाशेजारी बसलेल्या दोघांना कोथिंबीर देऊ शकतो.

आठवड्याने भाचीचा पुन्हा फोन आला. ज्याचे पाय ओढत होते तो आता पिशवीचा आवाज ऐकला की शिट्टी घालतो. जिथे भाजीची पिशवी उघडते तिथे, म्हणजे स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी दोघे येऊन बसतात. सासूबाई आधी कुरकुरल्या, आता कोथिंबीर निवडताना देठे वेगळी ठेवतात.

मी नातवाला फोनवर विचारले, "तुला माहीत आहे का रे, पोर्तुगीज लोक यांना इंडियाचे पिल्लू म्हणतात?"

"मग बरोबरच आहे ना आजोबा," तो म्हणाला. "इथेच तर राहतात."

कोलंबसाची चूक दुरुस्त करण्याच्या भानगडीत मी पडलो नाही.